फुगवायची कशाला?

परवा हापिसात पुन्हा एकदा जोरदार वाद झाला. विषय काय, तर जीझिप केलेली लॉग फाईल वाचायची कशी! हसा खुशाल. पण या फालतू वाटणाऱ्या विषयापायी सध्या एका पोराचं प्रोबेशन लटकलंय, म्हणून आज हा विकांत सत्कारणी लावतोय.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसती वाचायची म्हणून प्रॉडक्शन सर्व्हरवर कॉम्प्रेस केलेली फाईल उलगडणं हा शुद्ध अडाणीपणा आहे. आणि तो पोरांचा नाही, त्यांना शिकवणाऱ्यांचा आहे.

झालं असं. मी सुट्टीला घरी, वरठीला होतो. (ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रेल्वेच्या पाटीवर 'भंडारा रोड' लिहिलेलं स्टेशन आमच्या वरठीत आहे. भंडारा शहर तिथून पुढे लांब. नवखा माणूस उतरला की हमखास फसतो.) रात्री अकराला फोन. "दादा, सर्व्हर गेला." आमच्या टीममधला सगळ्यात नवा मुलगा, आवाज रडवेला. ग्राहकाला चार महिन्यांपूर्वीच्या एका व्यवहाराची नोंद हवी होती. त्या दिवसाची लॉग फाईल कॉम्प्रेस होऊन ६०० एमबीची. पोराने कागदावरच्या पायऱ्या इमानदारीत पाळल्या. पायरी ३: फाईल अनकॉम्प्रेस करावी. पायरी ४: एडिटरमध्ये उघडावी. मूळ फाईलला धक्का लागू नये म्हणून बिचाऱ्याने आउटपुट टेम्प फोल्डरमध्ये वळवलं. आता उलगडल्यावर ती होणार ९ जीबीच्या आसपास, डिस्कवर जागा ६ जीबी. टेम्पही त्याच डिस्कवर. डिस्क भरली, जीझिप चूक दाखवून बंद पडलं, अर्धवट फाईल तिथेच राहिली, आणि ॲप्लिकेशनला एक ओळही लिहिता येईना. बसलं.

मोबाईलचं नेट दोन काड्यांवर, आई विचारतेय "काहून रे, एवढ्या राती काय करतं?", आणि मी एसएसएचने आत. अर्धवट फाईल उडवली, ॲप्लिकेशन उठवलं. मग मूळ काम. झेडलेस लिहिलं, पुढे फाईलचं नाव, एंटर. पहिलं पान समोर. स्लॅश मारून व्यवहार क्रमांक शोधला, थोडा वेळ थांबलो, सापडला. क्यू. डिस्कवर एक बाईटही वाढला नाही.

यात जादू काही नाही. झेडलेस ही एक छोटीशी शेल स्क्रिप्ट आहे, उघडून वाचता येते. ती लेसला एवढंच सांगते की फाईल आधी जीझिपमधून घे. जीझिप पुढेपुढे उलगडत जातं, आणि त्यासाठी त्याला मागचा फक्त ३२ केबी मजकूर लक्षात ठेवावा लागतो. डिफ्लेट पद्धतीची खिडकीच तेवढी. म्हणून पहिलं पान दाखवायला शेवटचं पान उलगडावं लागत नाही. शिवाय हे सगळं घडतं सर्व्हरवर. माझ्यापर्यंत येतो तो पडद्यावरचा मजकूर. ८० कॉलम, २४ ओळी, म्हणजे २ केबीसुद्धा नाही. दोन काड्यांच्या नेटवर ६०० एमबी उतरवत बसलो असतो तर पहाटेची गाडी निघून गेली असती.

आमच्या इथे पोलाद कारखान्यामुळे मालगाड्या लहानपणापासून बघतोय. एका डब्यात काय आहे ते बघायला कोणी अख्खा रेक रिकामा करत नाही.

आणि ही हत्यारं काही कालची नाहीत हो. मोअर हा प्रोग्रॅम बर्कलीत डॅनियल हॅल्बर्टने १९७८ साली लिहिला. लेस मार्क न्यूडलमनचा, ऐंशीच्या दशकातला. जीझिप १९९२ चं, ज्याँ-लू गाईयी आणि मार्क ॲडलर यांचं. जुन्या कॉम्प्रेसमागे पेटंटची कटकट होती, म्हणून ते करावं लागलं. म्हणजे आमच्या टीममधल्या बहुतेकांच्या जन्माआधीपासून ही सोय आहे. तरी ट्रेनिंगमध्ये तीन दिवस स्लाइड्स, आणि टर्मिनलवर पान कसं उलटायचं यावर शून्य मिनिटं!

"आता डॅशबोर्ड असतात, असलं कोण करतं?" हा हमखास येणारा प्रतिवाद. अहो, डॅशबोर्ड मलाही आवडतात. पण आमच्याकडे त्यात ३० दिवसांचा माल राहतो. आणि सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस ठेवावे लागतात. मग उरलेले पाच महिने कुठे असतात? जीझेड शेपटीच्या फायलींमध्येच. ग्राहकाचा प्रश्न नेमका तिथलाच येतो.

दुसरा उपाय म्हणजे "लॅपटॉपवर उतरवून घे ना". हा तर मला सगळ्यात जास्त खटकतो. त्या फायलीत लोकांचे मोबाईल नंबर, पत्ते असतात. एकदा डाउनलोड्स फोल्डरमध्ये गेलेली फाईल पुढच्या लॅपटॉप बदलापर्यंत कोणीही पुसत नाही. स्वतःचं फोल्डर उघडून बघा, मग बोला.

झेडलेसलाही खोड आहे, लपवत नाही. कॅपिटल जी दाबून थेट शेवटी गेलात तर पूर्ण फाईल उलगडावी लागते, आणि पाइपमधून आलेलं सगळं लेस मेमरीत धरून बसतं. ९ जीबीला ते परवडत नाही. लांबवर शोधतानाही तेच. मीही त्या रात्री नशिबानेच वाचलो, नोंद सुरुवातीलाच होती. अशा वेळी आधी झेडग्रेप, आणि शेवटच्या ओळी हव्या असतील तर झेडकॅटचं आउटपुट टेलला. आणखी एक, मराठी मजकुरासाठी. सर्व्हरचं लोकेल यूटीएफ-८ नसेल तर लेस अक्षरांऐवजी कोनदार कंसात बाईट दाखवतं. 'वरठी' एवढ्याशा शब्दाचे १२ बाईट! फाईल खराब नाही, लेसला कॅरॅक्टर सेट सांगा, अक्षरं परत येतात. मी स्वतः एकदा यावरून "डेटा करप्ट आहे" असा मेल टाकून बसलोय. असो.

आता त्या पोराचं. सोमवारी कारणमीमांसेचा अहवाल फिरला, त्यात दोन शब्द: 'मानवी चूक'. मानव म्हणजे तो. प्रोबेशन तीन महिने वाढवायचं घाटतंय. त्याने कागद पाळला ही त्याची चूक! आणि तो कागद मी उघडून बघितला तेव्हा तळाशी 'तपासले' या शब्दापुढे माझंच नाव निघालं. दोन वर्षांपूर्वी, शुक्रवारी संध्याकाळी, न वाचता सही केलेली. पायरी ३ मी बदलली आहे. जुनी प्रत माझ्या नावासकट मॅनेजरला पाठवली, अहवालातला 'मानव' बदला म्हणून. चार दिवस झाले, उत्तर नाही.