तीन शिट्ट्या की आठ तास?

गेले तीन आठवडे आमच्या घरात एकाच विषयावर चर्चा चालू होती. नवी कार नाही, फ्लॅट नाही, थायलंडची ट्रिप तर नाहीच. विषय होता स्लो कुकर!

आता स्लो कुकर म्हणजे काय, हे अर्ध्या मित्रमंडळींना समजावून झालंय, तर तुम्हालाही सांगते. चिनी मातीचं एक जड भांडं. ते ज्यात बसतं त्या डब्याच्या भिंतींमध्ये विजेची कॉइल. वर काचेचं झाकण आणि पुढे एक खटका. लो, हाय, वॉर्म. बस्स. शिट्टी नाही, फुसफुस नाही आणि घाई तर अजिबातच नाही. सकाळी साडेआठला सगळं आत टाकायचं, ऑफिसला जायचं, रात्री आल्यावर झाकण उघडायचं.

वाचायला किती छान वाटतं ना? मलाही वाटलं होतं.

पण खरं सांगायचं तर मी त्याच्या मागे लागले ते छान वाटलं म्हणून नव्हे. आमच्याकडे आम्ही तिघं. नवरा हिंजवडीला, म्हणजे घरी कधी येणार हे तो नाही, ट्रॅफिक ठरवतं. मी फ्रीलान्सर, म्हणजे शेजाऱ्यांच्या मते दिवसभर घरीच. प्रत्यक्षात अकरा ते सात गावभर. आणि आई. बाबा गेल्यावर ती वाईहून आमच्याकडे आली आणि पहिल्याच आठवड्यात किचन तिचं झालं. आम्ही कशाला नाही म्हणू? रोज गरम आमटी-भात मिळत होता.

जूनमध्ये एक दिवस मी लवकर परतले. लिफ्टमधून बाहेर पडले तोच करपल्याचा वास. आत कुकरची शिट्टी उडून उडून थकलेली, डाळीचा कोळसा झालेला, आणि आई बाल्कनीत निवांत पेपर वाचत बसलेली. तिला शिट्टी ऐकूच आली नव्हती. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच, या वेळी बटाटे. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, कान कमी झालेत, मशीन लावा. आई म्हणाली, "मला सगळं ऐकू येतं. तुम्हीच पुटपुटता." विषय संपला.

तिला 'तू गॅस लावू नकोस' असं कसं सांगायचं? मला ते जमेना. म्हणून मी आडवाट धरली. 'आमच्या ऑफिसच्या वेळांना सोयीचं पडेल,' असं म्हणत शिट्टी नसलेल्या कुकरचा शोध सुरू केला.

पहिल्या शोरूममध्ये सेल्सबॉयने आधी राइस कुकर पुढे केला. तो वेगळा प्रकार हो! त्यातलं पाणी आटलं की तापमान शंभराच्या वर जातं आणि तो आपोआप बंद होतो. भाताला उत्तम, पण मटणाला काय कामाचा? मग त्याने काढला सेव्हन-इन-वन. "मॅडम, प्रेशर कुकर पण, स्लो कुकर पण, दही पण!" २०१० साली बाजारात आलेल्या इन्स्टंट पॉटपासून हे मल्टिकुकर जगभर गाजलेत, आणि ज्यांना एकाच यंत्रात सगळं हवंय त्यांनी ते जरूर घ्यावेत. माझ्या दोन अडचणी होत्या. एक, त्यांत आच खालून लागते. खऱ्या स्लो कुकरमध्ये ती चहूबाजूंनी लागते, म्हणून रस्सा तळाला धरत नाही. दुसरी अडचण जास्त मोठी. त्यावर चौदा बटणं होती. आईने त्याकडे मोबाइल बँकिंगकडे बघावं तसं बघितलं असतं.

खटक्याचा की डिजिटल? इंटरनेटवर सगळे डिजिटलच्या बाजूने, कारण त्यात टायमर असतो, आठ तास झाले की तो स्वतःच वॉर्मवर जातो. मोहात पडण्यासारखंच आहे. पण आपल्याकडे दुपारी वीज पाच मिनिटं का होईना जाते, आणि बरीचशी डिजिटल मॉडेल्स वीज परत आल्यावर कोणीतरी बटण दाबण्याची वाट बघत बसतात. खटक्याचा कुकर बिचारा पुन्हा कामाला लागतो. फक्त वीज दोन-तीन तास गेली आणि आपण घरी नसू, तर ते अन्न टाकून द्यायचं. जीव हळहळला तरी! पाच ते साठ अंश सेल्सियस या पट्ट्यात बॅक्टेरियाची चंगळ असते.

साइजवर नवऱ्याशी वाद झाला. त्याला सहा लिटरचा हवा होता. का, तर दिवाळीला सगळे येतात म्हणून. दिवाळी वर्षातून एकदा येते हो! स्लो कुकर निम्मा ते दोन-तृतीयांश भरलेला असला तरच नीट शिजवतो. मोठ्या भांड्यात तिघांपुरतं केलं तर कडेने सुकतं. तीन-चार माणसांना साडेतीन लिटर पुरतो. त्या आकाराचा कुकर दोनशे वॉटच्या आसपास असतो, म्हणजे आठ तासांत फार तर दीड युनिटभर वीज. आमचा गीझर ऐकतोय ना?

एवढ्यात न्यू जर्सीच्या मावसबहिणीचा मेसेज आला. "माझा पडून आहे, येताना आणते." गोड मुलगी आहे, पण तिकडचा कुकर १२० व्होल्टचा आणि आपलं सॉकेट २३० व्होल्टचं. मध्ये जड ट्रान्सफॉर्मर हवा, नाहीतर कुकरचा एकदाच दिवा लागेल. तुम्हालाही कोणी असं आणून देणार असेल तर आधी त्याच्या बुडाखालचं लेबल वाचायला सांगा.

तिकडे मात्र याची कहाणी मजेशीर आहे. शिकागोच्या आयर्विंग नॅक्सनना याचं पेटंट मिळालं १९४० मध्ये. त्यांच्या घरी लिथुआनियातल्या ज्यू वस्तीची आठवण सांगत. शुक्रवारी सूर्य मावळल्यावर विस्तव पेटवायचा नाही, म्हणून त्याआधीच घेवड्या-मटणाची हंडी गावच्या बेकरीच्या निवत्या भट्टीत ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी गरम जेवायचं. पुढे रायव्हल कंपनीने नॅक्सनचा धंदा घेतला आणि १९७१ मध्ये हेच यंत्र 'क्रॉक-पॉट' म्हणून नोकरी करणाऱ्या बायकांपुढे आणलं. विस्तव न पेटवता गरम जेवण. मला तरी वेगळं काय हवं होतं?

शेवटी खटक्याचा, साडेतीन लिटरचा घेतला. पहिला रविवार मटणाचा. नेहमीच्या अंदाजाने पाणी घातलं, आणि आठ तासांनी मिळालं मटणाचं तळं. यात वाफ बाहेर जातच नाही, त्यामुळे पाणी निम्मंच घालायचं. कांदा कच्चाच टाकला होता, तो कच्च्यासारखाच लागला. फोडणी आणि वाटण आधी कढईत परतूनच घ्यावं लागतं, त्याला इलाज नाही. मग आम्ही असं ठरवलं की सकाळी मी घरात असतानाच फोडणी करायची. बटाटे तळाशी, मटण वर. कारण यात बटाटा मटणापेक्षा हट्टी निघतो.

आणि राजमा! हे मात्र जपून. राजम्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विष असतं. ते खळखळत्या उकळीतच मरतं, आणि स्लो कुकरच्या मंद उष्णतेवर अर्धवट शिजलेला राजमा कच्च्यापेक्षाही जास्त बाधू शकतो. रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात गॅसवर किमान दहा मिनिटं चांगला उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला. आळस करू नका, प्लीज.

यात पोळ्या होत नाहीत, भात चिकट होतो, आणि साध्या तुरीच्या वरणासाठी आठ तास थांबणं म्हणजे शुद्ध वेडेपणा आहे. छोले, पाया सूप, मटण आणि खिरी, एवढ्यासाठी तो सोनं आहे.

आईने पहिले चार दिवस त्याच्याशी कट्टी धरली. मग दर दहा मिनिटांनी झाकण उघडून बघायला लागली. झाकण उघडलं की साठलेली उष्णता जाते आणि वीस-पंचवीस मिनिटं वाढतात, हे मी तीनदा सांगितलं. चौथ्यांदा सांगायला गेले तेव्हा ती झाकण हातात धरूनच म्हणाली,

"मी गॅसला हात लावू नये म्हणूनच आणलायस ना हा?"

मी ओटा पुसत राहिले.

"सरळ सांगायचंस की. एवढं नाटक कशाला? बटाटे करपले त्या दिवशी मीसुद्धा घाबरले होते. तुला बोलले नाही इतकंच."

काय बोलावं ते सुचेना. तीच पुढे म्हणाली, "आमच्या आजीच्या चुलीला शेजारी वैल असायचा. मुख्य चुलीवर भाकऱ्या, आणि वैलावर दुपारभर दुधाचं भांडं, नाहीतर कुळथाचं कढण. कोणी ढवळत नव्हतं, कोणी शिट्ट्या मोजत नव्हतं. हा तसाच आहे तुझा. विजेचा वैल." मग झाकण ठेवलं, आणि माझ्याकडे बघून परत एकदा उचललं. "पण झाकण मी उघडणार. वास बघितल्याशिवाय मला कळत नाही."

आता आमच्याकडे सगळं अर्धा तास उशिरा शिजतं. मी तेवढं धरूनच साडेआठच्या ऐवजी आठला कुकर लावते.

उद्या गव्हाची खीर आहे. सडलेले गहू आईने संध्याकाळीच भिजत घातलेत आणि गूळ किसून ठेवलाय. तो गहू मऊ झाल्यावरच घालायचा, आधी घातला तर गहू शिजत नाहीत, हे मला दोनदा बजावून झालंय. नारळाचं दूध सगळ्यात शेवटी. नवऱ्याने साडेसातला घरी पोचायचं कबूल केलंय. कानाच्या मशीनचा विषय अजून कोणी काढलेला नाही.