डाग कुणाच्या डोळ्यांत?

“कॅप्सूलला टाचणी टोचायची, तेल काढायचं आणि रात्री झोपताना चोळायचं. महिनाभरात डाग दिसेनासा होतो बघ!”

परवा हळदीकुंकवाला गेले होते, तिथे हे कानावर पडलं. शेजारच्या सुनेची छोटी झोपाळ्यावरून पडली, हनुवटीला टाके पडले. आई रडवेली आणि भोवती सल्ले देणाऱ्या आम्ही सगळ्या. मी मात्र गप्प. कारण तीच हिरवी कॅप्सूल एकेकाळी मीही वर्षभर फोडली आहे.

माझी लेक चार वर्षांची असताना ओट्यावरचा उकळता चहा तिच्या हातावर सांडला. जखम भरली, पण लालसर, जाड वण राहिला. कुणीतरी बोलून गेलं, “मुलीची जात, हातावर डाग बरा नाही.” झालं! आधी ‘ई’ जीवनसत्त्वाची कॅप्सूल, मग त्याचंच महागडं क्रीम. काही दिवसांनी तिथे पुरळ उठलं, खाज सुटली. औषध काम करतंय, असं समजून मी आणखी चोळलं! शेवटी त्वचेच्या डॉक्टरांकडे गेले. बाई शांतपणे म्हणाल्या, “आधी ते तेल बंद करा. पुरळ त्याचंच आहे.”

१९९९ साली अमेरिकेत मायामी विद्यापीठातल्या डॉक्टरांनी एक छोटा अभ्यास प्रसिद्ध केला. शस्त्रक्रिया झालेल्या पंधरा मोठ्या माणसांच्या वणाच्या एका भागावर साधं मलम लावलं आणि दुसऱ्या भागावर त्याच मलमात ‘ई’ जीवनसत्त्व मिसळून. दहापैकी नऊ जणांना ‘ई’चा काही फायदा झाला नाही, किंवा वण उलट वाईट दिसू लागला. तिघांमागे एकाला त्वचेची अ‍ॅलर्जी झाली. पुढे २०१० मध्ये इटलीतल्या एका अभ्यासात मुलांच्या शस्त्रक्रियेच्या छेदांवर त्याचा फायदा दिसला, हेही सांगायला हवं. पण तिथे डॉक्टरांच्या देखरेखीखाली शस्त्रक्रियेच्या आधीपासून मलम लावलं होतं. घरी कॅप्सूल फोडून जुन्या वणावर चोळणं ही वेगळी गोष्ट.

मग “आमच्या बंटीचा डाग तर गेला!” असं सांगणाऱ्या खोटं बोलतात का? नाही हो. जखम भरताना शरीर तिथे घाईघाईने कोलॅजनचे धागे विणतं, म्हणून वण सुरुवातीला लाल आणि टणक असतो. पुढे ते धागे हळूहळू नीट बसतात, लाली उतरते. याला वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. आपण तेवढे महिने क्रीम चोळतो, वण आपल्या गतीने फिका होतो आणि श्रेय मिळतं ट्यूबला.

खरी काळजी वेगळीच घ्यावी लागते. भाजल्याबरोबर वीस मिनिटं नळाच्या वाहत्या पाण्याखाली धरायचं. बर्फ नको, टूथपेस्ट नको. खपली काढायची नाही. जखम पूर्ण भरल्यावर डॉक्टरांना विचारून साध्या पेट्रोलियम जेलीने हलका मसाज आणि उन्हापासून जपणं. गरज वाटली तर डॉक्टर सिलिकॉन जेल किंवा पट्टी देतात. वण जखमेच्या हद्दीबाहेर वाढत असेल, किंवा बोटाच्या पेरावर, कोपरावर भाजलं असेल, तर थांबूच नका. मूल वाढतं, पण वण तेवढा ताणला जात नाही, आणि सांधा आखडू शकतो. तिथे क्रीमवर घालवलेले महिने फार महाग पडतात. आणि मेडिकलवाल्याला विचारून स्टेरॉइडचं मलम तर मुळीच आणू नका.

हे सगळं मला उशिरा कळलं. पण त्याहून जास्त लागलं ते लेकीचं बोलणं. एका रात्री मी तेल चोळत असताना तिने विचारलं, “आई, माझा हा हात वाईट आहे का?” तोवर तिला त्या डागाचं काहीच नव्हतं. शाळेत ती चहाची गोष्ट रंगवून सांगायची. रोज रात्री तिच्या हाताकडे तोंड पाडून बघत होते ती मी. चहाचा कप कडेला ठेवल्याचा अपराध मला पुसायचा होता, आणि मी पुसत होते तिचा हात. धाकट्याच्या कपाळावर तीन टाक्यांची खूण आहे. त्याला कुणी कॅप्सूल सुचवली नाही, आणि मलाही सुचली नाही.

आज ती नोकरी करते, बिनबाह्यांचे कुर्ते घालते. वण आहे, फिकट झालाय. कुणी विचारलंच तर सांगते, “चहाची आवड लहानपणापासूनच!”

हळदीकुंकवाला गप्प बसले, ते मनाला लागलं. दुसऱ्या दिवशी त्या शेजारणीकडे जाऊन हे सगळं सांगितलं. मैत्रिणींनो, तुमच्या घोळक्यात कुणी कॅप्सूल सुचवली, तर तुम्हीही गप्प बसू नका. आणि त्या आईला एवढं जरूर सांगा, की तुझं काही चुकलं नाही, मुलं पडतातच.