शेततळ्याला चार दोर तरी बांधा

पुण्यात मी राहतो त्या सोसायटीच्या स्विमिंग पूलवर नियमांचा भलामोठा फलक आहे. खोली किती, लाइफगार्ड कधी असतो, लहान मुलांसोबत मोठं माणूस हवंच. पाणी जेमतेम साडेचार फूट. बासी ईदला जालन्यात मात्र आम्ही सगळे भाऊ बिर्याणीचा डबा घेऊन मामूंच्या शेतावर जातो. तिथल्या शेततळ्यात दहा फूट पाणी असतं आणि फलक वगैरे काही नाही.

शेततळी हवीतच. आपल्याच जिल्ह्यातल्या कडवंचीने त्यांच्या जोरावर द्राक्षबागा उभ्या केल्या. २०१६ मध्ये 'मागेल त्याला शेततळे' योजना आली. त्यातलं मोठं तळं ३० बाय ३० मीटर, ३ मीटर खोल.

दिसायला ते विहिरीपेक्षा सोपं वाटतं, तिथेच फसगत होते. विहिरीत धरायला पायरी, कपार काहीतरी सापडतं. तळ्याला चारही बाजूंनी उतार आणि त्यावर प्लास्टिकचा कागद. त्यावर शेवाळ धरलं की ना हात टिकतो ना पाय. पट्टीचा पोहणाराही काठाशी येऊन घसरतो, पुन्हा घसरतो, दमतो. त्याला काढायला उतरलेला दुसराही तिथेच अडकतो. गेल्या वर्षी आमच्या एका भावाला आम्ही ठिबकच्या पाइपाने ओढून काढलं. घरी अजून कुणी सांगितलेलं नाही. अम्मीला हे वाचूनच कळेल.

अनुदान देताना तळ्याची लांबी, रुंदी, खोली मोजतात. तेव्हाच कुंपण, चारही काठांना खुंटीला बांधून पाण्यात सोडलेले गाठींचे दोर आणि हवा भरलेली ट्यूब आहे का तेही पाहावं. नसेल तर पैसे थांबवावेत. शेतकऱ्यावर आणखी एक अट, असं कुणी म्हणेल. पण कागदाच्या खर्चापुढे दोराचा खर्च तो काय?

कुंपण घाला, मुलांना पोहायला शिकवा, हे जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. आपल्याकडे मुलगे निदान विहिरीत शिकतात, मुलींना कुणी विचारतही नाही. कपडे धुवायला पाण्यावर जातात त्याच. महिला प्रशिक्षक आणि महिलांसाठी राखीव वेळ, ही मागणी महापालिकेकडे आपणच केली पाहिजे.

तोवर येत्या बासी ईदला डिक्कीत बिर्याणीच्या डब्याशेजारी पन्नास फूट दोर आणि एक ट्यूब टाका. कुणी अडकलं तर दोर फेकायचा, मागोमाग उडी मारायची नाही.