वेबसाइटवरची तारीख आणि ग्राहकाचा विश्वास



प्राथमिक शाळेत सकाळी फळ्यावर पहिलं काय लिहितो? वार, दिनांक, पट आणि हजेरी. कालची तारीख चुकून तशीच राहिली तर पहिलीतलं पोरसुद्धा ओरडतं, "मॅडम, तारीख बदला की!" कंपन्यांच्या वेबसाइटवर मात्र दोन-दोन वर्षांपूर्वीचे दर, बंद पडलेले फोन नंबर आणि "लवकरच येत आहे" अशा पाट्या तशाच असतात. तिथं कोणी ओरडत नाही. ग्राहक गुपचूप दुसरीकडं जातो, नाहीतर फसतो.

माझं मत सरळ आहे. वेबसाइट दिसायला साधी असली तरी चालेल, पण तिच्यावरची माहिती आजची हवी. जागा कोरी असेल तर माणूस निदान विचारतो. जुनी माहिती मात्र खरी वाटते, आणि माणूस तिच्यावर विसंबून पैसे देतो.

हे नुसतं माझं म्हणणं नाही. आपल्या राज्यात यावर कारवाईही झालेली आहे. घर किंवा प्लॉट घेणाऱ्यांसाठी २०१६ साली रेरा कायदा झाला आणि मे २०१७ पासून महारेराचं काम सुरू झालं. या कायद्यानुसार बिल्डरला महारेराच्या संकेतस्थळावर आपल्या प्रकल्पाची माहिती दर तीन महिन्यांनी भरावी लागते. किती घरं विकली गेली, कोणत्या परवानग्या मिळाल्या, काम कुठवर आलं, हे सगळं त्यात येतं. जानेवारी २०२३ मध्ये नोंदणी झालेल्या कित्येक प्रकल्पांनी नोटिसा येऊनही ही माहिती भरली नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये महारेरानं अशा ३८८ प्रकल्पांची नोंदणी स्थगित केली. त्यांची बँक खाती गोठवली आणि जाहिरात व विक्री बंद करायला लावली.

नुसती माहिती भरली नाही म्हणून एवढी शिक्षा? मला ती योग्य वाटते. जो माणूस आयुष्याची कमाई हप्त्या-हप्त्यानं देतो, त्याला रोज बांधकामावर जाऊन बघता येत नाही. त्याच्यासाठी ते पानच म्हणजे प्रगतिपुस्तक. आपण वर्षभर प्रगतिपुस्तक दिलंच नाही, तर पालक काय समजतील? पोरगं शिकतंय की नाही, हेच त्यांना कळणार नाही.

हा विषय आपल्या कोळवण खोऱ्याच्या जवळचा आहे. पौडकडून येताना प्लॉट आणि फार्महाऊसचे फलक आपण सगळेच बघतो. फलकावर हिरवागार डोंगर आणि खाली वेबसाइटचा पत्ता. १ ऑगस्ट २०२३ पासून महारेरानं नोंदणीकृत प्रकल्पांच्या जाहिरातीत क्यूआर कोड सक्तीचा केला आहे. तो मोबाईलनं स्कॅन केला की त्या प्रकल्पाची नोंद उघडते. फलकावरच्या डोंगरापेक्षा ही नोंद बघणं महत्त्वाचं, आणि त्यातही माहिती शेवटची कधी भरली ते आधी बघा.

दुसरा धोका फोन नंबरचा. कंपनीच्या पानावर चालू नंबर मिळाला नाही की माणूस गुगलवर शोधतो, आणि तिथं भामट्यांनी आपले नंबर "कस्टमर केअर" म्हणून टाकून ठेवलेले असतात. रिझर्व्ह बँकेनंही लोकांना अशा फसवणुकीबद्दल सावध केलं आहे. म्हणजे आळस कंपनीचा आणि खिसा रिकामा ग्राहकाचा. असं कोणाचं झालंच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करायचा. वस्तू किंवा सेवेच्या तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे.

लहान धंदेवाले म्हणतात, "आम्हाला कुठं वेळ आहे रोज वेबसाइट बघायला?" त्यांची अडचण खोटी नाही. पण मग पान छोटं ठेवा. नाव, पत्ता, चालू फोन नंबर, आजचा दर आणि तारीख, एवढं पुरे. वीस पानं करून सगळी शिळी ठेवण्यापेक्षा एकच ताजं पान बरं. आपल्या बाजारातला दुकानदार पाटीवर खडूनं "आज दुकान बंद" लिहितो, त्याला गिऱ्हाईक नावं ठेवत नाही. न सांगता कुलूप लावलं की मात्र ठेवतं.

शिक्षकांसाठी एक सोपा उपक्रम सुचवते. चौथी-पाचवीच्या मुलांना एखाद्या कंपनीचं पान दाखवा आणि चार गोष्टी शोधायला सांगा: माहिती कोणत्या तारखेची आहे, पत्ता पूर्ण आहे का, फोन लागतो का, तक्रार कुठं करायची. वाचन, परिसर अभ्यास आणि व्यवहारज्ञान, तिन्ही एकाच तासात होतं. घरी मोबाईलवर खरेदी करताना हेच चार प्रश्न आई-बाबांना विचारायला सांगा. मुलं विचारतात, आणि मोठ्यांना उत्तर द्यावंच लागतं.

आणि हो, हेच चार प्रश्न आपल्या शाळेच्या पानालाही लावून बघूया. बदली होऊन गेलेल्या मुख्याध्यापकांचा नंबर अजून तिथं असेल, तर तो आजच बदलूया.