दुसरी फीत

परवा हैदराबादला जाण्याचा योग आला. बिदरहून सकाळच्या बसने निघालं की जेवणवेळेला आपण तिथे. सिकंदराबादच्या छावणीत माझा भाचा आहे, प्रादेशिक सेनेत. आपल्याकडे ज्याला सगळे 'टीए' म्हणतात ती. अक्काने कडक भाकरी, शेंगाचटणी दिली होती आणि बरोबर एक प्रश्न, "दुसरी फीत कधी म्हणावं?"

दंडावर एक फीत म्हणजे लान्स नायक, दोन म्हणजे नायक, तीन म्हणजे हवालदार. एवढं आपल्याकडच्या बायकांनाही पाठ असतं. कोल्हापूरला १०९, बेळगावला ११५ क्रमांकाची टीएची पलटण आहे. घरटी नाही, तरी गल्लीत एखादा तरी जवान असतोच.

पण ही फीत मिळते कशी, ते मला त्या दिवशी कळलं. नुसती वर्षं भरून चालत नाही. पलटणीत जागा रिकामी हवी. प्रमोशन कॅडर पास व्हावा लागतो. हत्यारं, नकाशावाचन, आणि सेक्शन, म्हणजे साधारण दहा जणांची तुकडी, चालवून दाखवणं. पाठीवर सामान, हातात रायफल घेऊन पाच किलोमीटर धावायचं. तब्येतीचा शेरा चांगला हवा आणि सर्व्हिस बुकात शिक्षेची लाल शाईतली नोंद नको. शिवाय कवायतीचे हुकूम हिंदीत द्यायचे. घरी मराठी, शाळेत कन्नड! सुट्टीत हा पोरगा मळ्यात उभा राहून "दाहिने मुड" ओरडायचा, तेव्हा शेजारची म्हैस दावं तोडून पळाली होती.

"मग अडलं कुठे?" मी विचारलं.

"मावशी, कॅडर लागला तेव्हा मी घरी होतो ना."

तेव्हा भावजींचं ऑपरेशन होतं. पलटणीने बोलावलं तर जायचं, नाही तर आपला धंदा सांभाळायचा, हीच तर टीएची रीत. १९४९ साली राजाजींनी या सेनेचं उद्घाटन केलं तेव्हापासूनची. जवानाच्या पेन्शनला पंधरा वर्षं लागतात, तीही बोलावणं आल्यावर प्रत्यक्ष नोकरीत काढलेली, सगळी मिळून. घरचे महिने त्यात धरत नाहीत. भाच्याला भरती होऊन नऊ वर्षं झाली, हिशेबात सहाच. त्याच्यामागून आलेला मुलगा नायक झाला. वाईट वाटतं का विचारलं तर म्हणाला, "तो धावायला माझ्यापेक्षा चांगलाय." मला ते पुरतं खरं वाटलं नाही.

धोनीला २०११ साली टीएने मानद लेफ्टनंट कर्नल केलं, त्याचा फोटो अक्काने भिंतीवर लावलाय. मान मिळाला, छान झालं. पण मानद पदाला ना कॅडर, ना पंधरा वर्षांचा हिशेब.

मला वाटतं, जागा आणि परीक्षा ठीकच आहेत; दहा जणांचा जीव ज्याच्या हुकमावर, तो पारखूनच घ्यावा. पण वडिलांच्या उशाशी बसलेल्या पोराचा कॅडर हुकला, तर पुढच्या खेपेला त्याचं नाव आधी धरायला काय हरकत आहे?

निघताना अक्काचा फोन आला. भाच्याने मोबाइल घेतला, पलीकडून प्रश्न ऐकला आणि हसून म्हणाला, "इन्नू आगिल्ल, अव्वा." मग आवाज खाली आणून, "पुढचा कॅडर लागला की तेव्हा दादांच्या गोळ्या कोण आणणार, ते आधी सांग."