अर्ध्या भाकरीचं कौतुक

दशलक्षण पर्वात बस्तीत बसलं की एक वाक्य हमखास कानावर येतं. "अगं, ती तर काहीच खात नाही!" हे तक्रारीच्या सुरात कुणी म्हणत नाही. ते कौतुक असतं. त्यातच पुढे जोडलेलं असतं, "आणि बघ की, कशी बारीक झालीय." तप आणि कंबर या दोन गोष्टी एकाच वाक्यात कधी येऊन बसल्या, मला आठवत नाही. पण हे वाक्य मीही म्हटलेलं आहे, आणि ज्या मुलीबद्दल म्हटलं ती माझी सख्खी भाची आहे. म्हणून हा लेख.

आधी माझं सांगते. पंचेचाळिशीत माझं वजन अठ्ठ्याहत्तर किलो झालं. गुडघे दुखायचे, जिना चढताना धाप लागायची, साखर काठावर आलेली. वजन कमी करायलाच हवं होतं, त्याबद्दल माझं आजही दुमत नाही. लठ्ठपणा हीच सुंदरता वगैरे सांगायला मी बसलेली नाही. एका बाईंकडे गेले. त्यांनी छापील कागद हातात दिला. सकाळी कोमट पाणी, मग एक फळ, दुपारी अर्धी भाकरी आणि वाटीभर भाजी, संध्याकाळी दुधीचं सूप. पुढं कधीतरी मी हिशेब केला, तर सगळं मिळून नऊशे कॅलरी होत नव्हत्या. मी सकाळी व्हॅक्सिन डेपोवर चार किलोमीटर चालत होते, घरचं सगळं करत होते, आणि त्यातूनही अर्ध्या भाकरीतली पाव भाकरी ठेवून द्यायचे. ठेवली की बरं वाटायचं. खरंच सांगते, अभिमान वाटायचा.

पाच महिन्यांत अकरा किलो गेले. सगळ्यांनी विचारलं, काय केलंस गं? मी तोऱ्यात सांगितलं. मग केस जायला लागले, न्हाणीच्या जाळीत मूठ मूठ. हात गार पडायचे, चिडचिड इतकी की मिस्टर स्वयंपाकघरात यायला कचरायचे. शेवटी पोटात कळ आली, सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले. फार भराभर वजन उतरवलं की असे खडे होण्याचा धोका वाढतो, हे मला तेव्हा कळलं. डॉक्टरीणबाईंनी माझा कागद वाचला आणि विचारलं, "हे तुम्ही जगण्यासाठी खाताय की कशासाठी?" मग म्हणाल्या, वजन उतरवायचंच आहे ना, उतरवा, पण दिवसाला पंधराशेच्या खाली जायचं नाही.

मला वाटलं, किती सोपं! खा म्हणतायत. आणि खरी गंमत इथून सुरू झाली. मला खाताच येईना.

ही गोष्ट कुणी सांगत नाही, म्हणून मी सांगते. पोटाला कमी खायची सवय लागली की ते रिकामं व्हायलाही वेळ लावतं. चार घासांत गच्च वाटतं. त्यातून आपण काय खात असतो? काकडी, कोबी, दुधी, पातळ ताक. त्यानं पोट भरतं, पण अंगाला काही लागत नाही. मी वाटी वाटी भाजी खाऊन सातशेवर अडकायचे आणि वर म्हणायचे, मला भूकच नाही. दुसरी भाकरी ताटात आली की डोळ्यांत पाणी यायचं. भीती होती ती. एक भाकरी म्हणजे पन्नास ग्रॅम पीठ, फार तर एकशे सत्तर कॅलरी. एवढ्याशा वस्तूची शहाण्यासुरत्या बाईला भीती वाटावी?

त्यात आपलं घड्याळ. सकाळी देवदर्शन झाल्याशिवाय तोंडात काही घालायचं नाही. ते करून, सगळ्यांचे डबे भरून, वाढून होईपर्यंत दहा-साडेदहा. हिवाळ्यात बेळगावात सहाच्या सुमाराला सूर्य मावळतो. म्हणजे बाईच्या वाट्याला खायला साडेसात तास येतात, त्यातले निम्मे ती दुसऱ्यांना वाढण्यात घालवते. मी नियमाविरुद्ध बोलत नाही. दिवसाउजेडी जेवणं मी आजही पाळते आणि मला ते आवडतं. पण मला एक सांगा, दुकानावरच्या पुरुषांना साडेपाचला गरम डबा जातो की नाही? आमच्या घरून तीस वर्षं जातोय, पोरगा सायकलवरून नेतो, पाऊस असला तरी चुकत नाही. कॉलेजातून साडेसहाला परतणाऱ्या पोरीसाठी कुणी डबा पाठवला? नाही. ती घरी येते, सूर्य मावळलेला असतो, ती पाणी पिऊन झोपते, आणि आपण म्हणतो, किती गुणाची! नियम दोघांना एकच. सोय मात्र एकाचीच.

ती गुणाची म्हणजे माझी भाची. एकोणीस वर्षांची. कॉलेजात कुणीतरी जाडी म्हटलं, एवढंच निमित्त. तिनं अष्टमी-चतुर्दशीला एकाशन सुरू केलं. आम्ही खूश. मग आठवड्यातून तीन दिवस. मग रोजच. घरात तिला अडवणार कोण? डाएट करते म्हणाली असती तर आईनं लाटणं उगारलं असतं. धर्म करते म्हटल्यावर आजीनं दृष्ट काढली. भाद्रपदात तिनं दहा दिवस उपवास केले, शेवटी सत्कार झाला, नारळ आणि ब्लाऊजपीस मी माझ्या हातानं दिलं, आणि ते वाक्यही तिथंच म्हटलं. त्यानंतर तीन आठवड्यांनी ती बसस्टॉपवर चक्कर येऊन पडली. दवाखान्यात कळलं की पाच महिने तिची पाळी आलेली नव्हती. हिमोग्लोबिन सात. आईला पाळीचं माहीत नव्हतं, कारण बस्तीत जायचं चुकत नाही म्हणून आईला उलट सोयीचंच वाटत होतं. हे लिहिताना माझी मला लाज वाटते.

आता कुणी म्हणेल, अक्का धर्मावर घसरल्या. नाही हो. मी धर्माचंच बोलतेय. बाह्य तपात उपवासानंतर येतं ते अवमौदर्य, भुकेपेक्षा कमी खाणं. पण ते सांगताना शास्त्रानं आधी पूर्ण आहार किती ते मोजून ठेवलंय. पुरुषाचा 32 घास, स्त्रीचा 28. (चार घास कमी का, हे कधीतरी वेगळं भांडेन.) आधी पोटभर म्हणजे किती ते ठरवायचं, मग त्यातून एखादा घास मागं ठेवायचा. आपण पोटभर कधी जेवलोच नाही, तर मागं काय ठेवतोय? आणि सोळाकारण भावना दर भाद्रपदात आपण म्हणतो, त्यात तपाची भावना येते ती 'शक्तितस्तप' म्हणून. शक्तीप्रमाणे. नुसतं तप म्हणून भागलं असतं, पण तो शब्द मुद्दाम घातलाय. सात हिमोग्लोबिनच्या पोरीची शक्ती किती, हे सत्कार करण्याआधी आम्ही विचारलं होतं का?

तप म्हणजे इच्छेला आवर घालणं, हे आपण लहानपणापासून ऐकतो. नऊशे कॅलरीच्या दिवसांत माझी इच्छा कुठं आवरली होती? मी दिवसभर खाण्याचाच विचार करत होते. रात्री मोबाइलवर होळगीचे व्हिडिओ बघायचे. खडेबाजारातून जाताना कुंद्याच्या दुकानापाशी पाय अडायचे. मला वाटायचं माझंच मन हलकट. मग एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचलं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात, 1944-45 साली, अॅन्सेल कीज नावाच्या शास्त्रज्ञानं 36 निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवलं होतं. स्वेच्छेनं आलेले, युद्धाला नकार दिलेले पुरुष होते ते. त्यांना दिवसाला साधारण 1570 कॅलरी मिळायच्या, म्हणजे त्यांच्या गरजेच्या निम्म्या. त्यांचं काय झालं? थंडी वाजायची, चिडायचे, उदास व्हायचे, ताटं चाटायचे, आणि कधी स्वयंपाकघरात पाय न ठेवलेले पुरुष पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. वाचून मी हसले आणि मग रडले. माझं मन हलकट नव्हतं. मी उपाशी होते.

आपल्याकडे आयसीएमआरनं 2020 साली जे आकडे दिले, त्यात बैठं काम करणाऱ्या 55 किलोच्या बाईला दिवसाला 1660 कॅलरी लागतात असं म्हटलंय. बैठं काम! धुणं-पाणी, जिने, बाजार, सासूबाईंचं औषधपाणी हे बैठं आहे का ते तुम्हीच ठरवा. माझे नऊशे त्याच्या निम्म्याच्या आसपास आले. म्हणजे त्या पुरुषांवर शास्त्रज्ञांनी देखरेखीखाली जो प्रयोग केला, तो आम्ही एका झेरॉक्स कागदावर, पैसे देऊन, स्वतःवर करतोय. 2019 ते 21 च्या कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या शंभर बायकांत 57 जणींच्या अंगात रक्त कमी निघालं होतं. अशा देशात बायकांना कमी खायला शिकवायचे क्लास निघतात आणि ते भरतात.

"आपल्या आज्या एकदाच जेवायच्या, त्यांना काही झालं नाही," हेही ऐकून घेते मी. माझी आजी चिकोडीकडची, शेतावर राबणारी. महिन्यातून चार दिवस एकाशन करायची, बरोबर. बाकीचे सव्वीस दिवस बांधावर बसून दोन जाड भाकरी, मूठभर शेंगाचटणी, वर तेल आणि तांब्याभर ताक. तिचा उपवास आपण उचलला आणि तिची न्याहारी विसरलो. शिवाय तिनं आरशात बघून उपवास केला नाही.

मग मी कसं खायला शिकले ते थोडक्यात. भाजीचा डोंगर कमी केला. वरण घट्ट केलं. पातळ ताकाऐवजी दही. तीन वाजता मूठभर भाजलेले शेंगदाणे, तीस ग्रॅम, त्यात एकशे साठ-सत्तर कॅलरी आणि सात ग्रॅम प्रथिनं, पोटात जागाही फार लागत नाही. भातावर चमचाभर तूप, पंचेचाळीस कॅलरी, ज्या तुपाला मी दोन वर्षं विष समजत होते. आणि दर्शनाहून आल्यावर सगळ्यांना वाढायच्या आधी मी बसते. हे शेवटचं सगळ्यात अवघड गेलं. पहिल्या दिवशी सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. मला घास गिळवेना. तिसऱ्या दिवशी त्या स्वतःच ताट घेऊन शेजारी बसल्या, म्हणाल्या, "मलाबी भूक लागतीया की गं या वेळेला, चाळीस वर्षं झाली." चाळीस वर्षं!

वजन? उतरतंय. महिन्याला किलो-दीड किलो, सावकाश. केस परत येतायत. गुडघे बरे आहेत.

भाचीला अजून एक आख्खी भाकरी संपवायला अर्धा तास लागतो. तिचा संध्याकाळचा डबा आता दुकानाच्या डब्याबरोबर निघतो, पोरगा आधी कॉलेजच्या फाटकाशी थांबतो आणि मग दुकानावर जातो. मिस्टरांना वीस मिनिटं उशीर होतो, ते कुरकुरतात. कुरकुरू देत.

महिला मंडळाला मी पत्र दिलंय. येत्या भाद्रपदात वीस वर्षांखालच्या मुलींचे उपवासाचे सत्कार करू नयेत, आणि स्टेजवर कुणाच्याही वजनाबद्दल अक्षर काढू नये. अध्यक्षबाई म्हणाल्या, मुलींचा उत्साह जाईल. जाऊ दे. ठराव झाला नाही तर नारळ आणि ब्लाऊजपीस द्यायला दुसरी कुणीतरी बघा, मी येणार नाही.