ऑटोमॅटिक गाडी घेतली, पण 'एम' कधी वापरला का?

धंद्यासाठी गाडी घ्यायची म्हटलं की आता बरेच जण ऑटोमॅटिक बघतात. बरोबरच आहे. दिवसभर शहरात डिलिव्हरी करायची आणि प्रत्येक सिग्नलला क्लच दाबायचा, म्हणजे संध्याकाळी गुडघा बोलतोच. 2014 मध्ये मारुतीची सेलेरिओ एएमटीमध्ये आली आणि छोट्या गाडीच्या बजेटातही ऑटोमॅटिक बसायला लागली. पण लिव्हरवर 'डी'च्या शेजारी 'एम' असतो, प्लस-मायनस असतं. गाडी विकेपर्यंत त्याला हात न लावणारे मालक कमी नाहीत. माझ्या मते हा धंद्याचाच तोटा आहे.

समजा, तुम्ही कोल्हापूरहून गुळाच्या ढेपा भरून रत्नागिरीला निघालात. आंबा घाट उतरून साखरप्याकडे जायचंय. लिव्हर 'डी'त आहे. उतारावर तुम्ही पाय काढता, गाडीला वाटतं आता जोर नकोय, ती वरचा गिअर टाकते. गाडी पळायला लागते, तुम्ही ब्रेक दाबता. पुन्हा पळते, पुन्हा दाबता. भरलेल्या गाडीत असं खालपर्यंत चाललं की ब्रेक तापतात, जळका वास येतो, आणि पेडल दाबूनही पकड कमी लागते. पुढे वळण असेल तर? तिथे नुसता माल नाही, माणूस जातो.

'एम'मध्ये दुसरा गिअर धरून ठेवला की इंजिनच गाडीला मागे खेचतं. ब्रेक अधूनमधून लागतो. जुने ड्रायव्हर सांगायचे, ज्या गिअरमध्ये घाट चढाल त्याच गिअरमध्ये उतरा. एएमटीलाही ते लागू आहे, कारण आतला गिअरबॉक्स साधा मॅन्युअलच असतो. फक्त क्लच आणि गिअरचं काम यंत्र करतं. चुकीचा गिअर टाकाल अशी भीतीही फार नको. वेग जास्त असताना खालचा गिअर मागितला तर बहुतेक गाड्या ऐकत नाहीत.

आणि हो, पेट्रोल वाचवायला उतारावर न्यूट्रल टाकणारे आपल्याकडे भरपूर! आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर टाकून, ॲक्सिलरेटर सोडून उतरलात की इंजिनला जाणारं इंधन बंद होतं. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायला पेट्रोल जळतच राहतं. म्हणजे पैसेही गेले आणि इंजिनचा आधारही गेला.

आता मुद्द्यावर येतो. 'डी'ला आत्ताचा वेग कळतो, तुमचा पाय किती दाबलाय ते कळतं. पुढचं वळण काचेतून तुम्हालाच दिसतं. तुमच्या दुकानातलं बिलिंग सॉफ्टवेअर असंच आहे. मागच्या विक्रीवरून ते माल मागवायची आठवण करतं. पण गणेश चतुर्थी 2023 ला 19 सप्टेंबरला होती, 2024 ला 7 सप्टेंबरला आणि 2025 ला 27 ऑगस्टला. मागच्या वर्षीच्या तारखा बघून ऑर्डर टाकणारी सिस्टीम असेल तर कापूर-अगरबत्तीचा माल गणपती बसल्यावर येणार. तोपर्यंत गिऱ्हाईक शेजारच्या दुकानातून घेऊन गेलेलं असतं. पुढच्या वर्षी ते तुमच्याकडे येईलच याची खात्री काय? कॅलेंडर बघून तो आकडा हाताने बदलायचं काम मालकाचं.

याचा अर्थ सगळं स्वतःच करत बसा असा नाही बरं का. काही जण ऑटोमॅटिकचे जास्तीचे पैसे मोजतात आणि शहरातही 'एम'मध्येच चालवतात. धंद्यातही असे भेटतात. सॉफ्टवेअर घेतलंय, आणि रात्री अकराला वहीत पुन्हा सगळं लिहितायत. मग गिऱ्हाइकांकडे कधी बघणार?

गाडीची सवय मात्र माल भरून घाटात करू नका. रविवारी सकाळी रिकाम्या रस्त्यावर दोन-चार वेळा 'डी'तून 'एम'मध्ये जा, वर-खाली गिअर टाकून बघा. प्लस कुठल्या बाजूला आहे ते हाताला कळू द्या, प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं. चढावर थांबलात तर एएमटी ॲक्सिलरेटरवर धरून ठेवू नका, हँडब्रेक ओढा, नाहीतर क्लच प्लेटचा खर्च ठरलेला. आणि घाट उतरून सपाटी लागली की लिव्हर परत 'डी'त टाका.